मुंबईत नव्याने लिहिणाऱ्यांसाठी: टिकून कसं राहायचं आणि आपली माणसं कुठे शोधायची

लिहिणं सुटतं ते बहुतेक वेळा प्रतिभा आटली म्हणून नव्हे. पहिल्या दोन-तीन कथा कुठेच छापून येत नाहीत, संपादकाचं उत्तर येत नाही, घरात वाचायला कुणाला सवड नसते, आणि नोकरी-लोकल-घर या चक्रात वही मागे पडते. वर्षभराने माणूस सांगू लागतो, ‘पूर्वी लिहायचो मी.’ यावरचा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय म्हणजे तुमचं लिखाण नियमित वाचणारी, स्वतःही लिहिणारी चार-पाच माणसं. सभागृहातल्या दोनशे जणांच्या टाळ्यांनी ते काम होत नाही. ही माणसं कशी जमवायची, जमल्यावर नेमकं काय करायचं आणि लिखाण बाहेर पाठवताना खचायचं कसं नाही, हे इथे क्रमाने सांगतो.

१. गट शोधण्याआधी हातात काहीतरी हवं

तीन पूर्ण गोष्टी लिहून ठेवा. कथा, कविता, ललित, एकांकिका, काहीही चालेल. पण अर्धवट नको. ‘कादंबरीची कल्पना डोक्यात आहे’ एवढ्या भांडवलावर गटात गेलेला माणूस तिसऱ्या बैठकीला गळतो, कारण वाचायला द्यायला त्याच्याकडे काही नसतं.

मुंबईत अडचण असते ती वेळेची आणि जागेची. प्रवासात लिहिण्याचा सल्ला सगळेच देतात, पण गर्दीच्या वेळी चौथ्या सीटवर टेकून फार तर एक परिच्छेद होतो. बोलून टाइप करण्याची सोय डब्यातल्या आवाजात निरुपयोगी ठरते. म्हणून लोकलमध्ये फक्त कच्च्या नोंदी करा: एखादा संवाद, एखादं दृश्य, पुढच्या प्रसंगाचा क्रम. त्या त्याच रात्री वहीत किंवा संगणकावर उतरवा. दोन दिवस गेले की मोबाइलमधल्या ‘म्हातारी + छत्री + नाही म्हणते’ अशा नोंदीचा अर्थ लिहिणाऱ्यालाही लागत नाही.

खरं लिखाण बसून होतं. घरात एकच खोली असेल तर वाचनालय गाठा. दादर पूर्वेला नायगावचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ आहे, फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी. तुमच्या वॉर्डात पालिकेची अभ्यासिका असेल तर तीही पाहा. मात्र अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून जागा धरून असतात आणि कीबोर्डच्या खडखडाटाला तिथे कुणी क्षमा करत नाही. वही-पेन घेऊन जा. आठवड्यातून तीन वेळा पाऊण-पाऊण तास पुरतो. रोज दोन तासांचा संकल्प आठवड्याभरात मोडतो आणि त्याची बोचणी मात्र महिनाभर पुरते.

२. तीन महिने नुसते ऐकायला जा

या शहरात साहित्याच्या कार्यक्रमांना तोटा नाही. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ पासून उभा आहे. पार्ल्यात लेखक-कलावंतांच्या मुलाखतींच्या मॅजेस्टिक गप्पा आहेत, ठाण्यात आचार्य अत्रे कट्टा आहे, उपनगरांत ठिकठिकाणी लहान-मोठे कट्टे आणि काव्यवाचनाच्या बैठका चालतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या आसपास तर रोज कुठे ना कुठे काहीतरी असतं. नाटक लिहिणाऱ्यांनी एकांकिका स्पर्धांच्या फेऱ्या गाठाव्यात. प्राथमिक फेरी अंतिम फेरीपेक्षा जास्त शिकवते, कारण फसलेलं लिखाण प्रेक्षकांसमोर नेमकं कुठे फसतं ते तिथे दिसतं.

जाऊन काय करायचं? व्यासपीठावरच्या मोठ्या नावांभोवती घोळका असतो, तिकडे वेळ घालवू नका. सही घेतलीत, सेल्फी काढलात, तरी त्यांच्याकडे तुमची कथा वाचायला सवड नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. तुम्हाला हवी आहेत ती मागच्या रांगेतली, तुमच्याइतकीच नवखी माणसं: प्रश्नोत्तरांत नेमका प्रश्न विचारणारी, पुस्तकांच्या टेबलाशी रेंगाळणारी, पुढच्या कार्यक्रमालाही दिसणारी. ‘तुम्ही लिहिता का?’ एवढं विचारायला हरकत नाही. उत्तर हो आलं तर ‘सध्या काय लिहिताय?’ विचारा. स्वतःच्या पुरस्कारांची यादी ऐकवणारा आणि हातातल्या कथेची अडचण सांगणारा, यांतला दुसरा तुमच्या कामाचा.

पुस्तकांची दुकानंही अशा भेटींची जागा आहेत. दादरला छबिलदास गल्लीत आयडियलमध्ये दिवाळी अंकांच्या दिवसांत तासभर उभे राहा. कोण काय चाळतंय, काय घेतंय, ते पाहूनही बरंच कळतं.

३. गट बांधणं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

संख्या पाच. चार असले आणि एक आला नाही की बैठक लुळी पडते. सातांच्या पुढे गेलं की प्रत्येकाची पाळी महिनोन्‌महिने येत नाही. सगळे जवळचे मित्र नकोत. सगळे कवीही नकोत, कारण कविता ऐकून ‘वा’ म्हणण्याची सवय इतकी मुरलेली आहे की दुसरं काही बोलणं उद्धटपणाचं वाटतं. वयाची सरमिसळ असलेली बरी. शक्य असेल तर निदान एक जण मुंबईबाहेरच्या बोलीत वाढलेला असावा. मालवणी, आगरी, वऱ्हाडी, अहिराणी कानावर पडत राहिल्या की संवाद लिहिताना हात मोकळा होतो. त्याच वेळी एक सावधगिरी: पात्राच्या तोंडच्या बोलीला शुद्धलेखनाचे नियम लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी थांबवा. प्रमाणलेखनाची चर्चा निवेदनापुरती.

जागा आणि वेळ. पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांना दादर सोयीचं. हार्बरवाले असतील तर वडाळा किंवा कुर्ला. रविवारी दुपारची वेळ ठरवू नका. मेगाब्लॉक दुपारच्या वेळेतच असतो आणि पनवेलहून किंवा कल्याणहून येणारा बिचारा अर्ध्या वाटेत अडकतो. शनिवार संध्याकाळ बरी, किंवा रविवारी पाचनंतर. महिन्यातला वार पक्का करा: ‘पहिला आणि तिसरा शनिवार, साडेपाच ते साडेसात’. दर वेळी ‘कधी जमेल सगळ्यांना?’ असं विचारत बसलेला गट तीन महिन्यांत विरतो.

शिवाजी पार्कचा कट्टा फुकट आहे, पण तिथे गर्दीत वाचलेलं ऐकू येत नाही आणि जून ते सप्टेंबर तो विसरायचाच. कॅफेत दोन तास बसायचं तर दर अर्ध्या तासाने काहीतरी मागवावं लागतं. इराण्याकडे तर गर्दीच्या वेळी रेंगाळणंच बरं दिसत नाही. सोसायटीचं ऑफिस मिळत असेल तर सेक्रेटरींना साधं पत्र द्या: किती माणसं, किती वाजेपर्यंत, महिन्यातून किती वेळा. वाचनालयाचे तुम्ही सभासद असाल तर ग्रंथपालांना विचारा. संध्याकाळी रिकामी असलेली खोली कधीकधी मिळते. आळीपाळीने घरी भेटायचं ठरलं तर चहा आणि बिस्किटं, याच्या पुढे काही नाही, हे आधीच ठरवून टाका. पहिल्याकडे पोहे, दुसऱ्याकडे साबुदाणा वडे, तिसऱ्याकडे पावभाजी, अशी चढाओढ लागली की चौथ्याच्या घरी बैठक होत नाही. तिथे दमतं कोण, तर बहुधा त्या घरातली बाई, जिला कदाचित स्वतःलाही लिहायचं असतं.

बैठक कशी चालवायची? दोन तासांत दोनच लिखाणं घ्या. प्रत्येकी पंचावन्न मिनिटं आणि मध्ये चहाला दहा. गद्य जास्तीत जास्त १५०० शब्द. मोठ्याने वाचायला ते साधारण बारा-तेरा मिनिटं घेतं. कविता असतील तर तीन. लिखाण बुधवारी सगळ्यांकडे पोचलं पाहिजे, म्हणजे शनिवारपर्यंत दोनदा वाचून होतं. कागदावर छापून आणा: चौदा पॉइंट अक्षर, ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडे रुंद समास. मोबाइलवर वाचणाऱ्याची नजर घसरत जाते आणि मग अभिप्राय फक्त शेवटावर येतो.

वाचन लेखकाने करू नये, दुसऱ्याने करावं. ही सूचना नव्यांना खुपते, पण तिचा उपयोग फार. लेखक आपल्या आवाजाने कच्च्या जागा झाकतो. दुसरा वाचू लागला की वाक्य कुठे अडखळतं ते ऐकू येतं. त्यानंतर लेखकाने पंचवीस मिनिटं गप्प बसायचं. खुलासा नाही, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ नाही. फक्त टिपून घ्यायचं. बाकीच्यांनी पाळीपाळीने तीन गोष्टी सांगायच्या: कुठे गुंतलो, कुठे सुटलो, काय कळलं नाही. पानाचा आणि ओळीचा उल्लेख हवा. ‘छान आहे, अजून खुलवता येईल’ हा अभिप्राय नव्हे, ती पळवाट आहे. ‘तिसऱ्या पानावर आई घरी येते, पण ती गेली कधी होती?’ हा अभिप्राय. दुरुस्ती सुचवायची घाई करू नका. दुखतंय कुठे ते वाचक बरोबर सांगतो, औषध मात्र बहुतेकदा चुकीचं देतो. शेवटी लेखकाने प्रश्न विचारायचे.

गट कशाने मोडतात तेही माहीत असू द्या. एक, गटाचं कौतुकमंडळ होतं. सगळे सगळ्यांना थोर म्हणतात आणि बाहेरून पहिला नकार आला की संपादकांच्या कंपूशाहीवर चर्चा सुरू होते. दोन, एक जण मास्तर बनतो. त्यावर उपाय घड्याळ: प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि वेळ मोजण्याचं काम त्याच्याचकडे सोपवा. तीन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, राजकारण, आणि मग दोघांचं भांडण. ग्रुप ठेवा, पण तिथे तारीख, जागा आणि लिखाणाची फाइल याशिवाय काही टाकायचं नाही असं ठरवा. चार, कुणीच लिखाण आणत नाही. म्हणून पुढच्या चार बैठकांच्या पाळ्या आधीच लिहून ठेवा. ज्याचं लिखाण तयार नाही त्याने आपली पाळी दुसऱ्याशी बदलून घ्यायची, बैठक रद्द करायची नाही.

सहा महिने गट टिकला तर एक छोटं अनियतकालिक, म्हणजे ठरावीक मुदतीचं बंधन नसलेला अंक, काढून पाहा. साठच्या दशकात मुंबईतल्या तरुण लेखकांनी सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती छापून, लघुनियतकालिकं काढली आणि त्यांतून मराठी कवितेची चाल बदलली. आज तर झेरॉक्सचं दुकान प्रत्येक नाक्यावर आहे. ए-फोरचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडले की सोळा पानी पुस्तिका होते. घडीवर दोन पिना मारल्या की झालं. पानांचा क्रम लावताना पहिल्या कागदाच्या एका बाजूला पान १६ आणि १ येतात, मागे २ आणि १५. आधी एक कोरी प्रत दुमडून आकडे घाला, मगच छापायला द्या. पन्नास प्रती पुरेत. आपलं लिखाण अनोळखी माणसाच्या हातात पडतं तेव्हा काय होतं, ते कळायला एवढ्या प्रती खूप झाल्या.

४. पाठवणं, आणि साभार परत

मराठीत नव्या लेखकाला सगळ्यात मोठं दार दिवाळी अंकांचं. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी मुंबईतून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे. पण अंक हातात येतो दिवाळीत, आणि तो भरतो पावसाळ्यात. मे-जूनमध्ये आखणी सुरू होते, जुलैअखेर बरीच पानं ठरलेली असतात, सप्टेंबरमध्ये अंक छपाईच्या वाटेवर असतो. गणपतीनंतर पाठवलेली कथा कितीही चांगली असली तरी तिला जागा नसते. जूनमध्येच पाठवा, दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर येत असेल तर आणखी आधी. आणि ज्या अंकाला पाठवायचं त्याचे मागचे दोन अंक वाचून काढा. वाचनालयात ते मिळतात.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही जोडा, कारण मुद्रणाच्या वेळी अक्षररूप बदललं की जोडाक्षरं आणि रफार फुटतात, आणि मूळ काय होतं ते पीडीएफमध्ये पाहता येतं. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. सोबतचं पत्र चार ओळींचं असावं. कथेचा आशय पत्रात समजावून सांगू नका. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा; ती दोन अंकांत एकाच दिवाळीत छापून आली तर दोन्ही संपादक दुरावतात. फेसबुकवर आधीच टाकलेलं लिखाण पुष्कळ संपादक प्रसिद्ध झालेलंच धरतात, तेही ध्यानात असू द्या.

आता टिकून राहण्याचा भाग. एक वही करा आणि तिच्यात सहा रकाने आखा: लिखाणाचं नाव, शब्दसंख्या, कुठे पाठवलं, तारीख, उत्तर, पुढचं ठिकाण. शेवटचा रकाना पाठवण्याआधीच भरायचा. लिखाण साभार परत आलं, म्हणजे संपादकाने नाकारलं, की त्या दिवशी काही ठरवू नका. आठवड्याच्या आत एकदा वाचा, खटकलं तेवढं दुरुस्त करा आणि शेवटच्या रकान्यातल्या पत्त्यावर रवाना करा. हे आधीच ठरलेलं असलं की नकार हा निकाल न राहता वहीतली एक नोंद होतो. कायम तीन तरी लिखाणं बाहेर असू द्यात. एकावरच जीव टांगलेला राहत नाही.

नकारापेक्षा मौन जास्त छळतं. संपादक उत्तर देत नाहीत, कारण अनेक अंक एक-दोन माणसं नोकरी सांभाळून काढतात. तीन महिने थांबा, दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवा, आणखी पंधरा दिवसांनी ‘ही कथा मी मागे घेत आहे’ असं कळवून पुढे पाठवा. फोन करून ‘वाचलीत का?’ विचारू नका. आणि नकाराच्या पत्रात संपादकाने स्वतः दोन ओळी लिहिल्या असतील तर ते पत्र जपून ठेवा. पुढची कथा आधी त्यांनाच पाठवायची.

५. पैशाची फसगत

एकटेपणाचा धंदा करणारेही शहरात आहेत. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहात’ कविता घेतो, पण पंधरा प्रती विकत घ्या; पुरस्कार देतो, पण नोंदणी शुल्क भरा; संमेलनात निमंत्रित कवी करतो, पण सहभाग निधी द्या. सन्मानचिन्ह मिळतं, वाचक मिळत नाही. सरळ नाही म्हणा.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणं यात गैर काही नाही, मात्र कराराशिवाय पैसे देऊ नका. किती प्रती छापणार, न विकलेल्या प्रती कोणाच्या, कोणत्या दुकानांत पोचवणार, हिशेब कधी देणार, हे सगळं लेखी हवं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला कारण विचारा. लिखाणाचा स्वामित्वहक्क लिहिताक्षणी तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षं धरली जातात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं वाक्य दिसलं तर सही करण्याआधी ते खोडायला सांगा. पहिलं पुस्तक असेल तर प्रभादेवीला कार्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी निघते त्यावर लक्ष ठेवा. मालिका किंवा चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांनी कथा कोणाला ऐकवण्याआधी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ती नोंदवावी. ते ऑनलाइन होतं.

६. कोरडे दिवस

ते येतातच: मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा, घरातलं आजारपण. त्या काळात लिहिलं नाही तरी बैठक चुकवू नका. दुसऱ्याचं लिखाण बारकाईने वाचून समासात टिपणं करायची, एवढंच काम. बहुतेकांची वही तिथूनच पुन्हा उघडते. मित्रमंडळींच्या पोस्टवरचे पुस्तक-प्रकाशनाचे फोटो बघून जीव कातावत असेल तर लिहिण्याच्या दिवशी ते अ‍ॅप संध्याकाळपर्यंत उघडू नका. आणि झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तो लिखाणाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. मराठीत बोलता येतं.

गटातला एखादा गळेल. बदली होईल, लग्न होऊन कुणी पुण्याला जाईल, कुणाला कंटाळा येईल. ओळीने तीन बैठकांना न आलेल्याला एक फोन करा, रागावून नव्हे, आणि तरी जमत नसेल तर जागा मोकळी झाली असं समजा. नव्या माणसाला आधी दोन बैठका नुसतं ऐकायला बोलवा. तिसऱ्या बैठकीत पहिलं लिखाण त्याचंच घ्या, आणि ते मोठ्याने वाचायला गटातला सगळ्यात जुना माणूस बसवा.